चाळणीपाशी ठेवलेला पाट

जयू,

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘उज्जैनचं एखादं माणूस’ लिहून द्या, म्हणून संपादक माझ्या मागे लागलेत. त्यांच्या मनात एखादे गवई नाहीतर निवृत्त मुख्याध्यापक असणार. मी म्हटलं, मी जयूवर लिहीन. त्यांनी विचारलं, कोण जयू? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

लेख म्हटला की तू उघडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्रच समज. तुला माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टी मधेमधे सांगाव्या लागतील, कारण तुझ्या खांद्यावरून दुसरेही वाचत असणार. वैतागू नकोस. वैतागायचं काम माझं आहे.

तू मलकापूरची. लग्न होऊन उज्जैनला आलीस ती आमच्या नानाखेड्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत, भाड्याने. ओंकार इथलाच. त्याचा कुणी खापरपणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात कारकून होता म्हणे. आता त्यातलं फक्त सांगणं उरलं होतं. ओंकार मॅजिक चालवायचा, म्हणजे ती आठ-दहा माणसं कोंबून नेणारी छोटी चारचाकी. नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरलेल्या भाविकांना मंदिरापाशी सोडायचं आणि परत आणायचं. माणूस सरळ, पण सकाळी दहाच्या आधी गाडी काढायची नाही हा त्याचा बाणा. तुमची मधुरा शाळेत जायला लागली तेव्हा तू एक दिवस येऊन म्हणालीस, मावशी, मी पोहा मिलमध्ये जाते कामाला. मी म्हटलं, जा, विचारतेस काय.

आपल्याकडचे लोक पोहे खातात, पण ते बनतात कुठे ते त्यांना माहीत नसतं. आधी धान, म्हणजे सालासकटचा भात, गरम पाण्यात भिजवतात, मग भट्टीत वाळूबरोबर भाजतात आणि रोलरखाली दाबून चपटं करतात. मग ते येतं थरथरणाऱ्या मोठ्या चाळणीवर. तिथे बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहून फोलपटं, खडे, जळके दाणे काढतात. चाळणीतून भुसा उडतो तो नाकातोंडात, केसांत, पापण्यांवर बसतो. तू संध्याकाळी घरी यायचीस तेव्हा पिठाच्या गिरणीत पडलेल्या उंदरासारखी दिसायचीस. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

आणि तुझी ती हिंदी. पहिल्याच आठवड्यात तू उशिरा पोचलीस. मुनीम गेंदालाल म्हणजे त्या मिलचा खरा कारभारी, कारण सेठ महिन्यातून एकदा उगवायचे. त्याने तुला तासभर उन्हात उभं केलं. जेवणाच्या सुट्टीत तू रडकुंडीला येऊन बायकांना सांगितलंस, “मुनीमजी ने मेरे को शिक्षा दी.” तुझ्या शेजारी चाळणीवर उभी राहणारी अहल्या, जिला सगळ्या दीदी म्हणायच्या, ती हातातली रोटी खाली ठेवून म्हणाली, “अरे वा! हमको तो बीस बरस में नहीं दी. कौन सी किलास में बैठाला?” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तू आणखी चिडून म्हणालीस, “मेरी चेष्टा मत करो.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. दीदी म्हणाली, “चेष्टा तो करते रहना चाहिए बहन, फल भगवान के हाथ में है.” त्या दिवसापासून मिलमध्ये तुझं नाव पडलं मास्टरनी. घरी येऊन तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो होतो. तेव्हा मी तुला बजावलं होतं की सारखे दिसणारे शब्दच जास्त फसवतात, विचारून घेत जा. तू म्हणालीस, प्रत्येक शब्दाला विचारत बसले तर चाळणी कोण बघणार?

तुझी उंची कमी. चाळणी तुझ्या छातीपर्यंत यायची आणि दिवसभर हात वर धरून खांदे भरून यायचे. मग तू माझ्या स्वयंपाकघरातून पाट मागून नेलास. आईने मला दिलेला शिसवी पाट, पितळी फुल्या ठोकलेला. त्यावर बसून चार माणसं जेवून उठतील, चार मंगळागौरी होतील, म्हणून दिलेला. तू त्यावर चपला काढून उभी राहिलीस आणि पोह्यातली फोलपटं निवडायला लागलीस. बायकांनी त्याचं नाव ठेवलं मराठी पटिया. तो एकदा तिथे गेला तो परत आलाच नाही. सणासुदीला मी मागितला की तू म्हणायचीस, उद्या आणते मावशी. त्या पाटामुळे चाळणीपाशी तुझी जागा ठरून गेली. कायम नोकरीचा कागद त्या मिलमध्ये कुणाकडेच नव्हता. सकाळी गेटवर आणखी पंधरावीस बायका उभ्या असायच्या, कुणी आली नाही की तिच्या जागी आत जायला. इतरांच्या जागा अशा रोज धरून ठेवाव्या लागत. तुझ्या जागेवर पाट होता.

आता खोकल्याचं सांगते. पोहा मिलमध्ये सगळ्याच खोकतात. भुशाचा खोकला, रात्रभर सुके ठसके. मधुराला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच आया झोपेत खोकतात. मी तुला डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला भुशात काम बंद करा. तू बाहेर येऊन म्हणालीस, याला कुणी फी द्यायला सांगितली होती, हे तर मला माहीतच होतं.

त्यात कोरोना आला.

लॉकडाऊनमध्ये मंदिर बंद, भाविक बंद, ओंकारची मॅजिक आंब्याखाली उभी. पुढे तिची चाकं जमिनीला बसली आणि मांजरीने मागच्या सीटवर पिल्लं घातली. मिल मात्र पंधरवड्यातच सुरू झाली. पोहे म्हणजे अन्न, अन्नाला सूट. घरात कमावणारी तू एकटी उरलीस. ओंकार दिवसभर ओट्यावर बसून मोबाईलमध्ये किती रुग्ण वाढले ते बघायचा आणि मोठ्याने वाचायचा. मी त्याला एकदा म्हटलं, अरे, त्यापेक्षा भांडी घास. घासायला लागला बिचारा.

मिलमध्ये काय चाललं होतं ते मला तुझ्याकडून कळायचं. बायकांना आणायला टेम्पो यायचा आणि त्यात तुम्ही पोत्यांसारख्या खच्चून भरलेल्या. मास्क एकदाच वाटले, पाहणीला अधिकारी येणार होते त्या दिवशी, आणि संध्याकाळी परत गोळा केले. भिंतीतला भुसा ओढून घेणारा पंखा कधीचाच जळला होता. दारं-खिडक्या बंद, कारण वाऱ्याने पोहे उडतात. नियम एकच कडक, आणि तो गेटवर. चौकीदार कपाळावर ताप मोजायची बंदूक रोखायचा, आणि जी खोकेल तिला परत. आज परत गेली तर उद्या तिची जागा दुसरीची. बरी होऊन आली तरी रांगेच्या शेवटी.

आता सांग, ज्या मिलने खोकला लावला तिच्याच गेटवर न खोकता उभं राहायचं कसं? तुम्ही शोधून काढलंत. गालात लवंग धरायची, श्वास अर्धाच घ्यायचा, नजर चौकीदाराच्या बुटांवर ठेवायची, आणि “खाँसी-वाँसी?” विचारलं की मान हलवून “नहीं भैया” म्हणायचं. आत गेल्यावर भट्टीमागे जाऊन काय तो खोकून घ्यायचा. अंगात कणकण असेल तर टेम्पोत बसण्याआधी तापाची गोळी घ्यायची, म्हणजे बंदूक थंड दाखवते. तू हे मला शिकवणीतल्या पोरीसारखं उत्साहाने सांगायचीस. मी म्हणायचे, जयू, हे फार वाईट आहे. तू म्हणायचीस, वाईट आहे मावशी, पण जमतं.

अहल्यादीदीलाही जमत होतं. पावसाळा संपता संपता ती दोन-तीन दिवस तशीच गोळी घेऊन येत राहिली. तू तिला घरी जा म्हणालीस. तिने विचारलं, “और मेरी जगह तेरी पटिया रखेगी क्या?” चौथ्या दिवशी ती आली नाही. त्याच आठवड्यात ती गेल्याचं कळलं. घरच्यांना जवळही जाऊ दिलं नाही. मुनीमजीने सगळ्यांना जमवून सांगितलं की दीदीला शुगर होती, घाबरायचं कारण नाही, चला कामाला लागा. तिच्या जागी नवी बाई आधीच उभी होती.

तेव्हा तू पाटावरून खाली उतरलीस आणि त्याच पाटावर बसलीस. मला हे मिलमधल्या दुसऱ्या बाईने सांगितलं, तू नाही. मुनीम म्हणाला, क्या हुआ मास्टरनी? तू म्हणालीस, पंखा लगाओ. मग म्हणालीस, बीमार का जगह रखो. हिंदी नेहमीसारखी मोडकी, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. एकेक करून बाकीच्या बायका पोत्यांवर टेकल्या. चाळणी रिकामीच थरथरत राहिली. तासाभरात सेठचा फोन आला, जी उठणार नाही तिची जागा उद्या दुसरीची. संध्याकाळी सगळ्या परत कामाला लागल्या. तुला एकटीला मुनीमने गेटपर्यंत आणून सोडलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

मी चिडले, तुझ्यावरही चिडले. बाकीच्यांना आधी पक्कं करून मग बसायचं असतं, हेही कळू नये? मग आपण दोघी लेबर ऑफिसात गेलो आणि तक्रार दिली. पंखा, मास्क, आजारपणात जागा राखणं, आणि तुला परत घेणं. तिथल्या माणसाने दोन्ही बाजूंना बोलावू म्हणून सांगितलं. ते बोलावणं कोरोनामुळे पुढे पुढे जात राहिलं.

घरी येताना मी म्हटलं, निदान माझा पाट तरी घेऊन ये. तू रस्त्यातच थांबलीस.

“मावशी, पाट आणला तर जागा गेली.”



हिवाळाभर तू काम शोधलंस. भैरवगडला कापड छापणाऱ्यांकडे गेलीस, तर मेळे नाहीत, लग्नं नाहीत, चादरी कोण घेणार, म्हणून तेच हात बांधून बसलेले. माधव नगरात दोन घरी स्वयंपाकाला विचारलंस. पोहा मिलमध्ये होते म्हटल्यावर त्यांना तुझा खोकला आधी ऐकू आला. ओंकारने मॅजिक बाहेर काढली, पण बसायला माणसंच नव्हती. मधुराच्या ऑनलाईन शाळेचा फोन माझा होता. तुमच्या चुलीवर दोन्ही वेळेला काय शिजतं ते मला भिंतीतून वासावरून कळायचं आणि काही दिवस कळायचं नाही. मी डबा पाठवला की तू तो धुऊन, त्यात काहीतरी घालूनच परत करायचीस, निदान चार कढीपत्त्याची पानं. या मानीपणाचा मला फार राग यायचा. रोज झोपायच्या आधी तू एकच गोष्ट बोलायचीस, की लेबर ऑफिसातून बोलावतील, मग मी परत चाळणीवर जाईन.

एप्रिल उजाडला आणि दुसरी लाट आली. पहिली ती फक्त रंगीत तालीम होती असं वाटायला लागलं. मला झाला. वरच्या खोलीत मी कोंडून घेतलं. तू दाराबाहेर ताट ठेवून जिन्यात बसायचीस आणि मी जेवले की नाही ते आवाजावरून ओळखायचीस. माझा घसा बसलेला, ताप उतरत नव्हता. अशाच एका दुपारी मी झोपेत असताना गेंदालाल मुनीम स्कूटरवर आला. अंगणात उभा राहून तुझ्याशी बोलला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट ठेवताना तुझा आवाज असा काही ताठ होता की मी उठून दाराशी आले. तू म्हणालीस, मावशी, काल मुनीम आला होता, त्याला असं ठणकावून पाठवलाय की परत तोंड दाखवणार नाही. मी विचारलं, काय म्हणाला तो? तू म्हणालीस, कामावरून तर काढलंच आहे, आता वर राजीनामा मागतोय. सेठजी राजीनामा चाहते हैं, म्हणाला. राजीनामा कर लो, बात खतम.

“मग?”

“मग काय, मी सांगितलं, राजीनामा मैं नहीं करेगी. मर जाएगी पर नहीं करेगी.”

दाराच्या अलीकडे मी जमिनीवरच बसले.

मराठी वाचकांना इथे सांगायला हवं. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचं लिहून देणं. इथे हिंदीत त्याला इस्तीफा म्हणतात. राजीनामा हा इथला कोर्टकचेरीचा शब्द आहे. दोघं राजी झाले, भांडण मिटलं, तडजोड झाली, याला इथे राजीनामा म्हणतात. मी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत बसले, किती राजीनामे माझ्या हाताखालून गेले. मुनीम तुझी नोकरी काढून घ्यायला आला नव्हता. तो ती परत द्यायला आला होता.

मी तुला दारातूनच हे सांगितलं. माझा आवाज फुटत नव्हता, दोनदा सांगावं लागलं.  जिन्यात तुझी बांगडी वाजली तेवढंच. मग तू हळूच विचारलंस,

“म्हणजे ते मला घ्यायला आले होते?”

मी मुनीमला फोन लावला. तो माझ्याहून वैतागलेला. म्हणाला, मॅडम, मी सेठजींशी भांडून ही गोष्ट जमवली होती. लेबर ऑफिसची कटकट नको, बाईला परत घ्या, पंखा लावून टाका, इथपर्यंत त्यांना आणलं. आणि बाई माझ्या तोंडावर म्हणते, मर जाएगी पर राजीनामा नहीं करेगी. मी सेठजींना काय सांगू? मी त्याला शब्दाचा घोळ समजावला. तो हसत सुटला, मग खोकायला लागला. म्हणाला, “हद हो गई मास्टरनी की.” मग म्हणाला, सेठ तापले आहेत, पण या आठवड्यात बाईला घेऊन या. तिने त्यांच्यासमोर एवढंच म्हणायचं की राजीनामा मंजूर है. पुढचं मी बघतो.

तेवढंच म्हणायचं होतं. तू अंगणात तुळशीपाशी उभी राहून सराव करायचीस, राजीनामा मंजूर है, राजीनामा मंजूर है. वरून मला ऐकू यायचं. दर वेळी ‘मंजूर’ वर तुझा आवाज खाली बसायचा. तू म्हणालीस, मावशी, अर्थ कळला तरी जिभेला कळत नाही.

आठवडा संपायच्या आत तुला ताप आला.

ओंकार त्या दिवसांत आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवत होता, तू माझी उष्टी ताटं उचलत होतीस. कुठून आला ते शोधत बसण्याइतका वेळ कुणाला होता? तू तपासणीला तयार नव्हतीस. नाव निघालं तर मिलमध्ये कळेल, मग राजीनामा कसला होतोय, हे तुझं म्हणणं. आधी मिलमध्ये जाऊन येऊ, मग तपासू. मी तेव्हा नुकतीच खोलीबाहेर आले होते, पायात जोर नव्हता, नाहीतर एक ठेवून दिली असती. दोन दिवसांनी तू ओट्यापासून मोरीपर्यंत चालताना मधेच भिंतीला धरून उभी राहिलीस आणि तुझी नखं मला निळी दिसली. ओंकारला म्हटलं, गाडी काढ. सकाळचे दहा वाजले नव्हते, पण या वेळी त्याने लगेच काढली.

तो दिवस मला आठवायचा नाही, पण लिहायचा आहे. पहिल्या दवाखान्यात जागा नाही. दुसऱ्यात जागा नाही, बाहेर रस्त्यावरच लोक सिलेंडर घेऊन बसलेले. मॅजिकच्या मागच्या सीटवर तू आडवी, मी तुझं डोकं धरून, ओंकार प्रत्येक वळणावर मागे बघत. तिसऱ्या ठिकाणी गेटवर एक तरुण डॉक्टर उभा होता आणि त्याच्या शेजारी चौकीदार, हातात तीच ताप मोजायची बंदूक. एकच खाट रिकामी झाली होती. ज्याची हालत जास्त वाईट त्याला आत घेणार होते. आमच्या पुढे दोन माणसं, मागे आणखी रांग.

आमची पाळी आली तशी ओंकारने तुला धरून उभं केलं. चौकीदाराने बंदूक वर केली, आणि जयू, तू ताठ झालीस. ओंकारचा हात सोडून तू पाय जुळवून उभी राहिलीस, नजर त्याच्या बुटांवर. डॉक्टरने विचारलं खाँसी है? तू मान हलवलीस. “नहीं भैया.” साँस फूलती है? “नहीं भैया.” घरून निघताना तू पदराच्या गाठीतून लवंग काढून गालात ठेवली होतीस, ते माझ्या आत्ता ध्यानात आलं. रात्रभर ताप फणफणत होता, पण निघायच्या आधी तू गोळीही घेतली होतीस. बंदूक थंडच दाखवणार. डॉक्टरने मागच्या माणसाकडे हात केला.

मी तुझा जबडा धरला आणि बोट घालून ती लवंग बाहेर काढली.

“खोक, जयू. हे मिलचं गेट नाही. खोक.”

तू माझ्याकडे बघितलंस. ओळखलंस की नाही कोण जाणे. मग जे काही इतके महिने त्या गेटवर दाबून ठेवलं होतंस ते सगळं बाहेर आलं. तू गुडघ्यावर बसलीस, तरी खोकतच राहिलीस. डॉक्टर धावत आला आणि त्याने तुझ्या बोटाला यंत्र लावलं. त्यावरचा आकडा बघून त्याने स्ट्रेचर मागवलं.

ती लवंग माझ्या मुठीतच राहिली होती. घरी आल्यावर हात धुताना कळलं.

तू वाचलीस. कुणालाच वाटलं नव्हतं. परत आलीस तेव्हा अर्धी उरली होतीस आणि अंगणातून ओट्यावर चढायला तुला दोनदा बसावं लागायचं. जुलैमध्ये मुनीमचाच फोन आला. बायका मिळत नाहीत, काही गेल्या, काही गावी परतल्या, मालाला मागणी आहे. सेठचा राग उतरलाय. मास्टरनीला आणा.

मी नको म्हणत होते. ओंकारही नको म्हणत होता, पण तोंडातल्या तोंडात. तू आरशासमोर उभी राहून वेणी घातलीस.

आपण तिघं गेलो. गेटवर बंदूक नव्हती. सेठ ऑफिसात बसले होते, त्यांनी मान वर करून बघितलं. तू म्हणालीस, राजीनामा मंजूर है. एका दमात, मंजूरवर आवाज न बसता. सेठ म्हणाले ठीक है, जाओ, काम करो. झालं. इतक्या महिन्यांचं सगळं तेवढ्यात आटपलं.

मुनीमने तुला आत नेलं, मी मागोमाग गेले. भिंतीत नवा पंखा बसवला होता, पात्यांवर प्लास्टिक तसंच. वायर खाली लोंबत होती. मुनीम म्हणाला, बिजलीवाला आनेवाला है. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता, पितळी फुल्यांवर भुसा बसलेला. तुझ्या गैरहजेरीत त्यावर कुणाला उभं राहू दिलं नाही, हे मुनीमने मला मुद्दाम सांगितलं. खरं-खोटं त्याला ठाऊक. तू पदराने पाट पुसलास, चाळणीपाशी ठेवलास, चपला काढल्यास आणि वर चढलीस. शेजारी अहल्यादीदीच्या जागी एक अनोळखी मुलगी उभी होती. तू तिच्याकडे बघून हसलीस. चाळणी सुरू झाली.

भुसा उठला. तू पहिली फोलपटं काढलीस, दुसरी काढलीस, आणि मग तुझे हात चाळणीच्या काठाला घट्ट धरून राहिले. हा भुशाचा जुना ठसका नव्हता. आवाजच येत नव्हता, नुसती पाठ हलत होती. मुनीमने चाळणी बंद करवली आणि स्वतः पाणी आणलं. त्याच्या हातातून पेला घेताना तुझे ओठ पांढरे पडले होते. तू पाटावर बसून राहिलीस. बऱ्याच वेळाने तुला बोलता आलं.

“मुनीमजी, मेरा राजीनामा.”

तो ओणवा होऊन समजावत म्हणाला, “वो तो हो गया ना, बाई. अभी तो हुआ.”

तू मान हलवलीस.

“वो नहीं. मराठीवाला.”

गेंदालालला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. हसला नाही.

परतताना मॅजिकमध्ये तू पुढे ओंकारजवळ बसलीस, खिडकीतून तोंड बाहेर काढून. नानाखेड्याचा चौक आला.  काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, अगं, आणि माझा पाट?

तू मागे वळून बघितलंस. तुझ्या लक्षातच नव्हता.

“उद्या आणते, मावशी.”

पुढच्या आठवड्यात तुझा भाऊ आला आणि मलकापूरला घेऊन गेला. तिथली हवा बरी म्हणे. मधुरा आणि ओंकारही गेले. तिथे ओंकार आता कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवतो, सकाळी सहाला उठून. मागच्या खोल्यांना कुलूप आहे. त्या पंख्याला वायर जोडली की नाही ते मला माहीत नाही. गेंदालाल मधे बाजारात भेटला. म्हणाला, पटिया पडी है मॅडम, घर भेज दूँ? मी म्हटलं, नको. तो जयू आणणार आहे.